वैनगंगेच्या कांठचीं दोन अरण्यें

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, लाखांदूर तालुक्यांत, दिघोरी नांवाचें गांव आहे. धानाच्या बांध्या, अधूनमधून बोड्या व तलाव, आणि त्यांच्या पलीकडे रान, असा तेथील देखावा. पूर्वेस नवेगांवबांधचें अरण्य, उत्तरेस साकोली ओलांडली कीं नागझिऱ्याच्या टेकड्या, आणि पश्चिम-दक्षिणेस वैनगंगेचें खोरें. या सर्व मुलखास झाडीपट्टी म्हणतात, आणि तें नांव सार्थ आहे. येथील माणसाला रान हें सहलीचें स्थळ नव्हे. फाल्गुन-चैत्रांत मोहफुलें, वैशाखांत तेंदूचीं पानें, पावसाळ्यांत अळंबीं, आणि बारा महिने जळण, इतका संसार त्या रानावर चालतो. शहरांतला वाचक ज्याला साहस म्हणतो, तें येथें पुष्कळांच्या रोजच्या कामाचा एक भाग असतें.

उदाहरणार्थ मोहफुलांचीच गोष्ट घ्या. मोहाचीं फुलें पहांटे गळतात. तीं वेंचण्यास उजाडण्यापूर्वीं झाडाखालीं गेलें पाहिजे. पण त्याच वेळीं त्याच झाडाखालीं अस्वलहि येतें, कारण मोहाची गोडी त्याला माणसाइतकीच आहे. अस्वलाचें नाक तीक्ष्ण, परंतु दृष्टि अधू. खाण्यांत गढलेलें असतां माणूस अगदीं जवळ येईपर्यंत त्याला कळत नाहीं, आणि कळलें म्हणजे दचकून तें सरळ तोंडावर झेंप घेतें. म्हणून जाणतीं माणसें एकटीं जात नाहींत आणि मुकाट्यानेंहि जात नाहींत. बोलत, खोंकत, काठी आपटीत जातात. वाघाची रीति निराळी. उभा माणूस हें त्याचें नेहमींचें भक्ष्य नव्हे. परंतु वांकून फुलें वेंचणारी किंवा गवत कापणारी व्यक्ति पाठीमागून पाहिली तर ती दोन पायांची दिसत नाहीं. वांकलेल्या पाठीचा हा धोका झाडीपट्टीला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तो कोणी पुस्तकांत वाचून शिकलेला नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, या जगण्यांतून वाङ्मय कसें निर्माण होतें? ज्यानें रानांत जीव मुठींत धरून कांहीं काळ काढला आहे त्याची गोष्ट, आणि ज्यानें रान ऐकून-वाचून रंगविलें त्याची गोष्ट, यांत खरोखरच फरक पडतो काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास वैनगंगेच्या खोऱ्याइतकें सोयीचें ठिकाण दुसरें मिळणें कठीण. कारण याच एका नदीच्या कांठच्या रानांवर दोन प्रसिद्ध ग्रंथ उभे आहेत, आणि त्यांतील एकाच्या लेखकानें तें रान पाहिलें होतें, दुसऱ्यानें पाहिलें नव्हतें.

न पाहणारा लेखक म्हणजे रुडयार्ड किपलिंग. त्याचें ‘जंगल बुक’ १८९४ सालीं प्रसिद्ध झालें व दुसरा भाग पुढच्याच वर्षीं निघाला. मोगली नांवाचा मुलगा लांडग्यांत वाढतो, तें रान सिवनीचें. आणि ज्या नदीच्या घळींत म्हशींचा कळप उधळून तो शेरखान वाघाला चिरडून मारतो, ती वैनगंगा. सिवनी जिल्ह्यांत उगम पावून हीच नदी बालाघाटावरून खालीं उतरते, भंडाऱ्यास वळसा घालते आणि पवनीवरून पुढें लाखांदूरच्या सीमेला लागते. म्हणजे दिघोरीच्या माणसाला मोगली हा नात्यानें वरच्या अंगाचा शेजारीच लागतो! किपलिंगचा जन्म मुंबईचा, तरुणपणची नोकरी लाहोर व अलाहाबाद येथील. १८८९ मध्यें त्यानें हिंदुस्थान सोडलें, आणि ‘जंगल बुक’ लिहिलें तें अमेरिकेंत, व्हरमाँट संस्थानांतील बर्फाळ टेकड्यांमध्यें बसून. सिवनीचें रान त्याच्या नजरेखालून गेलेलें नव्हतें. रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याचा सिवनीवरील १८७७ चा ग्रंथ आणि मित्रमंडळींनीं आणलेलीं छायाचित्रें हाच त्याचा मुख्य आधार.

एवढ्या भांडवलावर त्यानें जें उभें केलें, तें थोर आहे यांत शंका नाहीं. जगांतील लाखों मुलांना वैनगंगेचें नांव ठाऊक झालें तें त्याच्यामुळें. परंतु त्याच्या रानांत एक जागा अशी आहे कीं, जेथें न पाहिल्याची उणीव उघडी पडते. ती म्हणजे माकडांची. किपलिंगच्या रानांत लांडग्यांना कायदा आहे, अस्वल त्या कायद्याचा शिक्षक आहे, हत्ती त्याचा साक्षी आहे. माकडांना मात्र कायदा नाहीं, पुढारी नाहीं, स्मरण नाहीं. तीं गडबड करतात, बढाया मारतात आणि क्षणांत सारें विसरतात. बंदरलोक म्हणजे अनागोंदी, असें त्यानें ठरवून टाकलें. झाडाखालून घाईनें जाणाऱ्याला माकडें तशींच दिसतात हें खरें. पण जो त्या झाडाखालीं आठ-पंधरा दिवस बसतो, त्याला कांहीं निराळेंच दिसूं लागतें.

असा बसणारा मराठी लेखक म्हणजे व्यंकटेश माडगूळकर. त्यांचा जन्म १९२७ सालीं माडगुळें येथें झाला. तो माणदेश, तेथें झाडीपट्टीसारखें दाट अरण्य नाहीं, उघडा माळ, बाभळी आणि दुष्काळ. लहानपणापासून रानांत हिंडण्याची, शिकारीची व चित्रें काढण्याची ओढ त्यांना होती. १९४२ च्या चळवळींत हा पंधरा वर्षांचा मुलगा ओढला गेला व भूमिगत झाला. पोलिसांची नजर चुकवून आडरानांत राहणें, अपरात्रीं वाट काढणें, मिळेल तें खाणें, या अनुभवाची ‘कोवळे दिवस’ ही कादंबरी पुढें त्यांनीं लिहिली. रानांत लपणाऱ्याला आवाज आणि शांतता यांतला फरक फार लवकर कळतो. पाखरें एकाएकीं गप्प झालीं तर कोणी येत आहे हें जसें सशाला कळतें, तसेंच तें पळणाऱ्या माणसालाहि कळतें. पुढें जनावरांविषयीं लिहितांना त्यांच्या लेखणींत जी दबकी सावधता दिसते, तिचें मूळ या दिवसांत असावें असें मानण्यास जागा आहे.

‘माणदेशी माणसें’ व १९५५ ची ‘बनगरवाडी’ यांनीं त्यांचें नांव झालें. १९५५ पासून पुढें अनेक वर्षें ते पुणें आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांत होते. बोलणाऱ्याचा कंठ लिहिण्यांत आणण्याची विद्या तेथें घांसून लख्ख झाली. या काळांत हळूहळू त्यांच्या हातांतली बंदूक सुटली, आणि दुर्बीण, टिपणवही व रेखाटनाची पेन्सिल एवढीच शस्त्रें उरलीं. बंदूक खालीं ठेवणें ही नुसती दयेची गोष्ट नव्हे. बंदूक असलेला मनुष्य जनावर दिसण्याची वाट पाहतो, आणि दिसलें कीं त्याची गोष्ट संपते. बंदूक नसलेल्याची गोष्ट तेथें सुरू होते. शिवाय त्याला आपला जीव केवळ शहाणपणावर राखावा लागतो.

असें निःशस्त्र होऊन ते नागझिऱ्यास गेले. नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें. त्या वेळीं तें सगळें भंडारा जिल्ह्यांत होतें; १९९९ मध्यें गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर त्याचा मोठा भाग तिकडे गेला, तरी साकोलीकडून पिटेझरीवरून आजहि रानांत शिरतां येतें. सुमारें १५३ चौरस किलोमीटरांचें हें अरण्य. मध्यें तलाव, भोंवतीं टेकड्या, साग, ऐन, बिजा, तेंदू, मोह आणि बांबू. तेथें मुक्काम ठोकून, पायीं हिंडून, पाणवठ्यावर तासन् तास बसून माडगूळकरांनीं जें पाहिलें, त्याचें पुस्तक ‘नागझिरा’ या नांवानेंच प्रसिद्ध आहे. त्या पुस्तकांत वाघाशीं झुंज नाहीं, कड्यावरून पडणें नाहीं, विषारी बाण नाहींत. एक प्रौढ मनुष्य रानांत जातो, बसतो, ऐकतो व परत येतो. साहसकथेच्या चाहत्याला प्रथम थोडी निराशाच वाटेल.

पण रानांत एकट्यानें बसणें ही काय चीज आहे, हें समजून घेतलें म्हणजे निराशा राहात नाहीं. अंधार पडला कीं डोळ्यांचा अधिकार संपतो व कानांचा सुरू होतो. वाळक्या पाल्यावर चालणारा रानकोंबडा माणसाएवढा आवाज करतो, आणि वाघ मुळींच करीत नाहीं. अशा वेळीं माणूस इतरांच्या डोळ्यांवर अवलंबून राहतो. उंच फांदीवरच्या वानराला खालचा बिबट प्रथम दिसतो. तें घशांतून खांकरल्यासारखा इशारा देतें. झाडाखालीं चितळें असतात, कारण वानरें निम्मा पाला खातात व निम्मा खालीं टाकतात, आणि तो चितळांना आयता मिळतो. वानराचे डोळे आणि चितळाचें नाक अशी ही भागीदारी आहे. भेकर भुंकलें, सांबर ओरडलें, वानर खांकरलें, हे तीन आवाज कोणत्या क्रमानें व कोणत्या दिशेनें आले, यावरून वाघ कोणीकडे चालला आहे हें जाणता वाटाड्या जागच्या जागीं सांगतो. बसणाऱ्याला हा हिशेब येत नसेल तर त्याची रात्र निव्वळ भीतीची जाते. येत असेल तर तीच रात्र वाचतां येते.

दुसरें भय वाट चुकण्याचें. झाडीपट्टींत त्याला ‘चकवा लागणें’ म्हणतात. माणूस सरळ चाललों असें समजून चालतो आणि तास-दोन तासांनीं पुन्हां त्याच झाडापाशीं येतो. ही भुताटकी अशी समजूत आहे. पण अनुभव खोटा नाहीं. जर्मनींतील कांहीं संशोधकांनीं २००९ सालीं याचा पडताळा घेतला. त्यांनीं माणसांना सपाट, मोठ्या जंगलांत आणि ट्युनिशियाच्या वाळवंटांत सोडून सरळ चालण्यास सांगितलें. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोंवर लोक बरेचसे सरळ गेले. ढग आल्यावर किंवा चंद्र मावळल्यावर ते नकळत वर्तुळांत फिरूं लागले. तेव्हां चकव्याचें भूत रानांत नसून माणसाच्या पायांत आहे. चकवा लागल्यास खालीं बसावें, दम घ्यावा, मग निघावें, असा जो उपाय सांगतात तो उगाच नव्हे. घाबरून धांवणाऱ्याचा घात लवकर होतो.

नागझिऱ्याच्या या बैठकीचें खरें फळ १९८२ मध्यें ‘सत्तांतर’ या छोट्या कादंबरींत आलें. तिला पुढील वर्षीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तिच्यांत माणूस नायक नाहीं; नायक वानरें आहेत. वानरांच्या एका टोळीचा हुप्प्या, त्याच्या माद्या, त्यांचीं पिलें, टोळीची ठरलेली हद्द, हद्दीबाहेर घिरट्या घालणारे एकलकोंडे नर, आणि एके दिवशीं होणारा सत्तेचा पालट. त्या पालटाची किंमत माद्यांना व पिलांना भरावी लागते. जगणें, टिकणें आणि आपलें बीज टिकविणें, एवढाच तिचा विषय. रानांत जीव वांचविण्याची गोष्ट म्हणतात ती हीच. फक्त जीव वानराचा आहे.

या ठिकाणीं शास्त्राचा दाखला द्यावयास हवा, कारण कित्येकांना कादंबरींतली क्रूरता लेखकाच्या मनची वाटते. ती तशी नाहीं. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या वर्षांत धारवाडच्या रानांत वानरांच्या टोळ्या पाहिल्या, तेव्हां नवा नर टोळी जिंकतांच अंगावरचीं पिलें मारतो हें त्याच्या ध्यानांत आलें. पुढें जोधपूरकडे मोहनोत यांना तसेंच आढळलें. सारा हर्डी या अमेरिकन विदुषीनें अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षें निरीक्षण करून १९७७ मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला. तिचें म्हणणें असें कीं, पिलूं अंगावर पीत असतां मादी पुन्हां गर्भ धरीत नाहीं. नव्या नराची सत्ता तर फार दिवस टिकावयाची नसते. म्हणून परक्याचें पिलूं नाहींसें करून तो आपल्या संततीची वाट मोकळी करतो. यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला, तरी आज हें मत बहुतेकांस मान्य आहे. लेखक आणि शास्त्रज्ञ निरनिराळ्या झाडांखालीं बसले. दोघांना दिसलें तें एकच.

येथें किपलिंगच्या बंदरलोकांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. ज्या जातीला त्यानें कायदा नाहीं म्हणून हिणविलें, तिचा कायदा इतका कडक निघाला कीं त्यांत दयेला फारशी जागा नाहीं. कोणी कोणापुढें बसावें, कोणी कोणाला खाजवावें, कोणती रांग ओलांडली असतां दांत दाखविले जातात, कोणत्या झाडापलीकडे दुसऱ्याचें राज्य लागतें, हें सारें ठरलेलें. किपलिंगचा दोष एवढाच कीं, त्याला वानरांची गरज एका उपमेसाठीं होती; माणसांच्या एका वर्गाला टोमणा मारावयाचा आणि त्यासाठीं माकडें हाताशीं होतीं. माडगूळकरांना तीं वानरें म्हणूनच हवीं होतीं. गंमत अशी कीं, म्हणूनच ‘सत्तांतर’ वाचतांना वाचकाला माणसांचें राजकारण दिसत राहतें. न ठरवितां झालेली उपमा ठरवून केलेल्या उपमेपेक्षां खोल जाते. मात्र कथेच्या वेगांत किपलिंग वरचढ आहे हेंहि कबूल केलें पाहिजे. मुलाच्या हातीं प्रथम ‘जंगल बुक’च द्यावें, ‘सत्तांतर’ समजण्यास थोडे टक्केटोणपे खाल्लेले बरे.

याच टापूंतील दुसऱ्या एका लेखकाचें नांव येथें टाळतां येणार नाहीं. मारुती चितमपल्ली हे मूळचे सोलापूरचे, जन्म १९३२. वनखात्यांत ३६ वर्षें नोकरी करून १९९० मध्यें ते निवृत्त झाले. नोकरीचा एक महत्त्वाचा काळ त्यांनीं नवेगांवबांधला काढला, म्हणजे दिघोरीच्या जवळच. तेथील तलाव अठराव्या शतकांत कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें सांगतात. कोहळी लोकांनीं बांधलेल्या अशा तलावांनींच हा मुलूख भाताचा झाला. १९७५ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें. चितमपल्लींना रान शिकविलें तें वरिष्ठांनीं कमी, आणि गांवचे माधवराव पाटील डोंगरवार, ढिवर, गोंड व रानांत राबणारीं इतर माणसें यांनीं अधिक. बगळे-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’, असे कितीतरी शब्द त्यांनीं मराठी वाचकाच्या पदरांत टाकले. माडगूळकर रानांत पाहुणे म्हणून गेले, चितमपल्ली चाकरीवर होते. पाहुण्याला आश्चर्य अधिक वाटतें. चाकराला नांवें अधिक ठाऊक असतात. दोघांचीं पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं. चितमपल्लींना २०२५ मध्यें पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत त्यांचें निधन झालें. माडगूळकर २००१ मध्येंच गेले होते.

रान मात्र पुस्तकांत बसून राहिलेलें नाहीं. २०१३ च्या अखेरीस नवेगांव व नागझिरा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ वाढले, आणि तरणे वाघ आपल्या राज्याच्या शोधांत शेताशिवारांतून, नदीनाले ओलांडून हिंडूं लागले. वानरांतले टोळीबाहेरचे नर ज्या गरजेनें हद्दीवर घिरट्या घालतात, तीच ही गरज. २०२२ मध्यें असा एक वाघ, वनखात्याच्या दप्तरीं ‘सीटी-१’ म्हणून नोंदलेला, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर फिरत होता. गडचिरोलींतील वडसा, चंद्रपुरांतील ब्रह्मपुरी आणि भंडारा जिल्ह्याचा लाखांदूरकडील भाग मिळून तेरा माणसें त्यानें मारल्याची नोंद झाली. मेलेल्यांत जळणाला गेलेले, गुरांमागें गेलेले, रानांत कामाला गेलेले असे लोक होते. अखेर त्या वर्षीं ऑक्टोबरच्या मध्याला वडशाच्या रानांत त्याला बेशुद्ध करून पकडण्यांत आलें.

त्या महिन्यांत लाखांदूरकडील गांवांची शेतावर जाण्याची वेळच बदलली. उन्हें वर आल्यावर निघावयाचें, दिवस कलण्याच्या आंत परतावयाचें, तेंहि चार-पांच जणांनीं मिळून. ऑक्टोबरांत हलकें धान कापणीला येतें आणि कापणी वांकूनच करावी लागते. त्यामुळें बांधीवर एक जण उभा राहतो. तो कापीत नाहीं, नुसता पाहतो आणि ऐकतो. रानाच्या कडेच्या झाडावर वानरें असलीं तर त्याचें काम सोपें होतें. वानरें पाला खात स्वस्थ बसलीं आहेत तोंवर विळे चालूं द्यावयाचे. एखादें वानर फांदीवर ताठ उभें राहून खालीं एका जागीं टक लावून पाहूं लागलें, कीं तो पहाऱ्यावरचा माणूस हांक देतो आणि सगळे कंबर सरळ करून उभे राहतात.